वेलींपासून चार दिवस

मावशी, ताईच्या मुलीला न्हाण येणार नाही. आधी हे सांगून टाकते. मी कशी आहे तुला माहीत आहे, बोलता बोलता निर्मळच्या देवळापासून चिंचोटीच्या धबधब्यापर्यंत हिंडून येईन आणि मुद्दा राहून जाईल. तिला पंधरावं लागलंय. तू पाहिलंस तेव्हा ती ताईच्या खांद्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या टोपीला हात घालायची. डॉक्टरांनी ताईला सांगितलं, तुमच्या बहिणीसारखंच आहे हिचं. बहीण म्हणजे मी. आणि माझं तुझ्यासारखंच, हे सांगायला तू कुणाला ठेवलं नव्हतंस, त्यामुळे ते मी माझं मीच धरून चाललेय.

आई आणि बाबा दोघं नोकरीला, विरारच्या फ्लॅटला दिवसभर कुलूप. म्हणून मी मामाच्या घरी निर्मळला वाढले आणि मामाच्या घरी म्हणजे खरं तर तुझ्या हाताखाली. पुढे केळी, मधे मोगरा आणि भाजी, मागे कुडाच्या आड पानवेली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तुला सासरहून एका ट्रंकेसकट परत पाठवलं होतं, मूल होत नाही म्हणून. तेव्हापासून वेली तुझ्याकडे होत्या. केळीचं वाळलेलं सोपट उभं फाडून, पाण्यात भिजवून, त्यानं वेल टेकूला बांधायची, घट्ट नाही आणि सैलही नाही. मी बांधलेली तू सगळी परत सोडायचीस. "गळा आवळतेस का तिचा?" म्हणायचीस. मी तिसऱ्या वेलीपर्यंत कंटाळलेली असायचे, मग कुठे सरडा दिसला की त्याच्यामागे. तू हाक मारायचीस, "अगो भटके, पाय आहेत का चाकं?"

पानवेलींचा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ होता. बाईला पाळी आली की चार दिवस कुडाच्या आत पाऊल नाही. सावली पडली तरी वेल करपते म्हणत. मामी गॅसपाशी सगळं करायची, देवाकडे आणि वेलींकडे तेवढी जायची नाही. तू मात्र अगदी कडक पाळायचीस. मागच्या पडवीत चटई टाकून, वेलींकडे पाठ करून बसायचीस. जेवण लांबून. मोगऱ्याला हात नाही. मी लहान होते, मला वाटायचं मावशीला शाळेसारखी सुट्टी मिळते. मामी हसायची. "माझी कधी आठ दिवस पुढे, कधी मागे, हिची बाई कधी चुकत नाही. बँकेच्या सुट्टीसारखी, भिंतीवर लिहून ठेवावी." तूही हसायचीस. मामीचं ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि त्यातलं इतकं उघडं काही मला ऐकू आलं नाही. कुणालाच नाही आलं. खरी पाळी चुकते, मावशी. वर्गातल्या मुली, पुढे मी काम केलं त्या गोडाऊनमधल्या बायका, सगळ्या तारखा मोजत वैतागलेल्या असतात. तुझी चुकायची नाही, कारण ती तूच ठरवायचीस.

एका वर्षी वेलींना मर लागली. तुला आठवत असेल. खालून काळ्या पडत वर गेल्या. एका बाजूच्या सगळ्या ओळी मऊ होऊन लोंबायला लागल्या, कुजका वास पार ओटीवर यायचा. मामा दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं सगळ्यांना ओटीवर बोलावलं आणि मामीकडे बघत विचारलं, "विटाळात कोण गेलं होतं आत?" मामी पांढरीफटक. तिनं शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि त्याच्या आत तू बोललीस. "मी गेले होते. वेल सुटलेली दिसली, राहवलं नाही." मामा तुला काय काय बोलला. एवढी वर्षं वाडीत काढून अक्कल नाही, बाईची जात ती बाईची जात, स्वतःचा विटाळ सांभाळता येत नाही. मी खांबाला धरून उभी होते आणि तुझ्या तोंडाकडे बघत होते, कारण मला रडायला येत होतं आणि तू रडलीस की मला रडता येईल असं वाटत होतं. तू रडली नाहीस. तुझी मान खाली होती, पण चेहरा कसा होता सांगू? लग्नात नवरीला हळद लावताना बायका काहीबाही बोलतात, नवरी मान खाली घालून ऐकते आणि आतून तिला ते हवं असतं, तसा. तेव्हा मला वाटलं, मामीला वाचवलं म्हणून मावशीला बरं वाटतंय. तेही असेल. पण भावानं भर ओटीवर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तुला विटाळशी बाई म्हटलं होतं. तुला त्याहून मोठा दाखला कोण देणार होतं?

बघ, मी पुढे गेले. हे सगळं मला नंतर कळलंय. नंतर कळलेलं आधीच्या दिवसांवर जाऊन बसतं आणि उठत नाही.

मला सोळावं लागलं तरी काही नव्हतं. आई फोनवर विचारायची, मामी डोळ्यांनी विचारायची. एक दिवस मी शाळेतून आले तर तू मला दारातच अडवलंस, आत ओरडून सांगितलंस, "वैनी, पोरीला न्हाण आलं गो!" आणि माझा दंड असा धरलास की दुखला. मी म्हटलं, "अगं पण मला काही—" तर तू माझ्याकडे पाहिलंस. तसं तू त्याआधी कधी पाहिलं नव्हतंस, नंतरही नाही. हळू म्हणालीस, "चार दिवस पडवीत बसायचं. कुणी विचारलं तर ओटीपोटात दुखतं म्हणायचं. पुढच्या महिन्यात मी सांगेन तेव्हा परत बसायचं." मामीनं गोडाचं केलं. आई साडी घेऊन आली, माझी ओटी भरली, गजरा माळला, शेजारच्या बायकांनी मला वर-खाली बघून "आता उंडारणं बंद हो!" म्हटलं. मी मधे बसलेली, हातात नारळ, आणि मला काही झालेलं नाही. एवढ्या बायका एवढ्या खुशीत होत्या की मलाच शंका यायला लागली, झालं असेल का? आपल्याला न कळता?

मी तुला विचारलं नाही. मला वाटलं तू सांगशील. तुलाही वाटलं असेल, थोडी मोठी होऊ दे.

त्या महिन्यापासून तुझे चार दिवस सरकले. मामी म्हणाली, "घ्या, आता दोघी एकदम. वाडीचं बघायचं कुणी?" पण तिनं मनावर घेतलं नाही, एका घरातल्या बायकांचं असं होतं म्हणतात. दोन चटया मागच्या पडवीत. तू माझ्या केसांचा गुंता काढायचीस. मोगऱ्याला हात लावायचा नाही म्हणून चिंचोके खेळायचो. तू सासरच्या गोष्टी सांगायचीस, नवरा वाईट नव्हता म्हणायचीस, त्याला शिट्टी वाजवता यायची. मला कसं बसायचं ते शिकवायचीस, गुडघे जुळवून, पदर नसला तरी हात पदरावर असल्यासारखा. "चालताना एवढी ढांग टाकू नये." मी म्हणायचे, "का पण?" तू म्हणायचीस, "लोक बघतात." मी म्हणायचे, "बघू देत." आणि तू माझ्या केसांतून फणी जोरात ओढायचीस. कामाच्या रगाड्यात तू मला कधी एवढी मिळाली नव्हतीस. महिनाभर मी त्या चार दिवसांची वाट बघायचे.

मग तुला कावीळ झाली. आधी घरगुती औषधं केली आणि दवाखान्यात नेईपर्यंत डोळे हळदीसारखे. शेवटी शेवटी तू माझा हात धरून काहीतरी म्हणत होतीस. मामीनं "देवाचं नाव घे" म्हणून मधे तुळशीचं पाणी घातलं. काय म्हणत होतीस?

तू गेल्यावर मला निर्मळला राहवेना. बारावी अर्धी सोडली. केटरिंगवाल्यांबरोबर हिंडले, नाशिकला एका हॉटेलात भांडी, पावसाळ्यात चिंचोटीला धबधब्यावर येणाऱ्यांना कणसं भाजून विकली, कोल्हापूरला काय केलं ते जाऊ दे. एका ठिकाणी सहा महिने झाले की अंगाला खाज सुटते. मग कामणला गोडाऊनमध्ये लागले, भिवंडी रस्त्याच्या बाजूला, खोके उचलून लावायचे. तिथं एक दिवस जांघेत गाठ आली, वाटाण्याएवढी, मग लिंबाएवढी. हर्निया असेल म्हणून गेले. सोनोग्राफीवाला बराच वेळ मशीन फिरवत राहिला आणि मग कुणाला तरी बोलवायला गेला.

डॉक्टरीण माझ्याच वयाची असेल. तिनं दार लावलं, कागदावर चित्र काढायला लागली, मग कागद बाजूला सारून नुसतीच बोलली. म्हणाली, बाळ पोटात असताना सुरुवातीला मुलगा-मुलगी एकाच वाटेनं असतात. पुढे फाटा फुटतो. तुझ्या पेशींत मुलाची म्हणतात ती गुणसूत्रं आहेत. आतल्या गाठींनी, जांघेत आलीय ती त्यातलीच, मुलाचा रस, म्हणजे हार्मोन, तयारही केला. पण तुझ्या शरीराला तो रस ओळखताच येत नाही. आला काय, गेला काय, शरीराला पत्ताच नाही. मग शरीर मुलीच्या वाटेनं गेलं. गर्भपिशवी नाही. पाळी कधी येणार नाही. मी विचारलं, "म्हणजे मी काय?" ती म्हणाली, "तू काय म्हणून वाढलीस?" मी म्हटलं, "पोरगी." "आतून काय वाटतं?" मी म्हटलं, "तसा विचार कधी केला नाही. पोरगीच." ती म्हणाली, "मग पोरगी. हे तुझ्या गुणसूत्रांना विचारायची गरज नाही." मी म्हटलं, "पण मी एका जागी टिकत नाही, सगळे म्हणतात पोरग्यासारखी भटकते, ते त्याच्यामुळे?" ती हसली. "भटकणं कुठल्या गुणसूत्रावर असतं ते मला शिकवलं नाही कुणी." मग जाता जाता, पेन खिशाला लावता लावता तिनं विचारलं, "आईच्या बाजूनं कुणी आहे का? मावशी, आजीची बहीण? मूल नसलेली, पाळी न आलेली? हे आईकडून येतं."

मी म्हटलं, "मावशी होती. पण तिला पाळी यायची. कधी चुकायची नाही." आणि माझ्याच तोंडून ते वाक्य ऐकून, निघायला उठलेली मी परत खुर्चीवर बसले.

तेव्हापासून तू माझा पिच्छा सोडत नाहीस. विहिरीवर आंघोळ करताना तुझ्या जांघेत दिसलेला जुना वण, लहानपणी गाठ काढली होती म्हणायचीस. केसांची लव नसलेले तुझे हात, मामी म्हणायची, "हिला बाई देवानं तासून पाठवलंय." तुझी उंची. ताईच्या मुलीला तान्ही असताना जांघेत गाठ आली, ऑपरेशन केलं, तू दवाखान्यात तिला मांडीवर घेऊन बसलीस आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाहीस. रस्त्यानं जाताना कुठल्या परसात एखादी बाई पाठ करून बसलेली दिसली की मी थांबून बघते. भाड्याच्या खोल्यांत, बसच्या खिडकीत, कुठेही तू पाठ करून बसलेली असतेस. मी हाक मारत नाही. वळलीस तर काय विचारू? तुला कुणी बसवलं पहिल्यांदा? आजीनंच, नाही का? तुझाही दंड धरून? आणि सासरीही तू दर महिन्याला बसायचीस का, तो शिट्टीवाला नवरा पलीकडच्या खोलीत असताना? त्यांनी तुला वांझ म्हटलं. ते तू घेतलंस, कारण वांझ निदान बाई असते. आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. तुझं शरीर आणि माझं शरीर एकच, डॉक्टरिणीच्या हिशोबानं एकाच चुलीवरच्या दोन भाकऱ्या. सासर आणि दवाखाना सोडले तर तू जन्मात निर्मळच्या बाजारापलीकडे गेली नाहीस. मी एका जागी थांबत नाही. मग आपल्याला कुणी घडवलं?

असो. ताईचं सांगत होते. माझं निघालं तेव्हाच मी ताईला सगळं सांगितलं होतं, तू मला पडवीत बसवलंस तेही, आणि म्हटलं होतं, पोरीला दाखवून घे. ती म्हणाली, "माझ्या पोरीचं तसलं काही नाही," आणि विषय बंद. आता दाखवलं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज बारीक. "सासूबाई रोज विचारतात. नणंदेची मुलगी हिच्यापेक्षा लहान, तिचं झालं. तू ये. मावशीनं तुझं केलं तसं करून टाकू." मी म्हटलं, "पोरीला सांगितलंस?" "काय सांगू? आधी हे निस्तरू दे. मावशीनं तुझं नीट केलं ना? काय बिघडलं तुझं?"

विरारला गेले. ताईनं सगळी तयारी केलेली, नारळ, खण, बाजारातून गजरा. सासूबाई स्वयंपाकघरात पुरणाला चटका देत होत्या. त्यांना एवढंच माहीत होतं की पोरीची मावशी आली आहे, म्हणून पुरण. ताई मला बेडरूममध्ये ओढून म्हणाली, "तू तिला फक्त समजाव, चार दिवस गुपचूप पडून राहा म्हणावं. तुझं ऐकते ती." पोरगी दाराशीच उभी होती. ताईइतकी उंच झालीय, सडसडीत. मी तिला म्हटलं, चल, गच्चीवर जाऊ. लिफ्टमध्ये तीच म्हणाली, "मावशी, वर्गात मी एकटी राहिलेय. आई म्हणते येईल. मला माहितीये तुम्ही माझ्याबद्दल बोलता."

टाकीला टेकून बसलो. माझा हात तिच्या दंडावर होता आणि मला कळलं की मी तो घट्ट धरलाय, तुझ्यासारखा. सोडला. सगळं सांगितलं. डॉक्टरीण बोलली तसं, आठवेल तेवढं, मधे मी पपईवर गेले, की पपईत नर झाड, मादी झाड आणि दोन्ही असलेलं झाड असतं आणि फूल येईपर्यंत बागवालाही सांगू शकत नाही. ती म्हणाली, "मावशी, मी पपई आहे का?" मी म्हटलं, नाही, चुकलं माझं. ती म्हणाली, "म्हणजे कधीच नाही?" "कधीच नाही." "पॅड नाही, काही नाही?" "नाही." "ट्रेकला बरं," म्हणाली आणि तोंड वाकडं करून रडायला लागली. मग नाक पुसत, "पुस्तकात तर दोनच दिलेत. मी मुलगी आहे का नाही?" "तुला काय वाटतं?" "मला काय विचारतेस, मी तुला विचारतेय!" मी म्हटलं, "आहेस. मी आहे, तर तू का नसशील?" तिनं बराच वेळ माझ्याकडे नीट पाहिलं, पायापासून केसांपर्यंत, जणू पहिल्यांदा. मग मी तुझं सांगितलं. पडवी, चटई, सगळं. ती म्हणाली, "मग मी नाही बसणार." एवढंच. उठलीच.

खाली जाऊन ती सरळ स्वयंपाकघरात. "आजी, मला पाळी येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. कधीच नाही." सासूबाईंचा डाव पातेल्यात थांबला. त्या तिच्याकडे बघेनात, ताईकडे बघत राहिल्या. मग वळून आधी खिडकी लावून घेतली. "हळू बोल, पलीकडे ऐकू जातं," म्हणाल्या. पुरण खाली लागल्याचा वास यायला लागला तरी कुणी गॅस बंद केला नाही. पोरीनंच केला. ताईनं मला दारापर्यंत सोडलं. चप्पल घालत होते तेव्हा म्हणाली, "मावशी असती तर तिनं असं केलं नसतं. तिनं तुला झाकलं. तू माझ्या लेकीला उघडं पाडलंस." झाकलंसच तू मला. जन्माला पुरेल एवढं झाकलंस.

हे मी वसईच्या स्टँडवर बसून लिहितेय. दोन बस सोडल्या. लिहून झालं की नेहमीसारखं बॅगेच्या तळाशी जाईल आणि पुढच्या गावी भिजेल. पोरीला खरं सांगितलं याचं मला वाईट वाटत नाही, परत वेळ आली तर परत सांगेन. पण गच्चीवर ती "मी नाही बसणार" म्हणाली ना, तेव्हा मला क्षणभर तिची कीव आली, मावशी. तिला कुणी पडवीत बसवून, चार दिवस, दुसरं काहीच न करता, केसांचा गुंता काढून देणार नाही.